वसतिगृहाची मेस निवडताना आधी घड्याळ पाहावे

वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेल्या अंजनवेलमधून उच्च शिक्षणासाठी बहुतेक मुलांना घर सोडावे लागते. कोणी धोपाव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून दाभोळमार्गे दापोलीच्या कृषी विद्यापीठात जातो, कोणी लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात, तर कोणी सांगली, पुणे किंवा मुंबईत. प्रवेश, शुल्क आणि खोली यांची चौकशी पालक कसून करतात. मेसविषयी मात्र ‘शाकाहारी मिळते ना?’ एवढ्या एकाच प्रश्नावर समाधान मानले जाते. जैन कुटुंबाला हा प्रश्न पुरेसा नाही.

मेसच्या भिंतीवरील पदार्थांच्या तक्त्याआधी जेवणाची वेळ पाहावी. आपल्या किनाऱ्यावर जुलैच्या आरंभी सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो, तर नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारास. ज्या मेसमध्ये रात्रीचे जेवण साडेसातला सुरू होते, तिथे रात्रिभोजनत्याग करणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षातला एकही दिवस सायंकाळचे ताट मिळणार नाही. नाश्ता आणि दोन जेवणे धरली, तर महिन्याच्या नव्वद वेळांपैकी तीस वेळांचे पैसे न जेवता भरले जातात. पैशापेक्षा प्रकृतीचा प्रश्न मोठा आहे. हिवाळ्यात सहाला चौविहार आणि सकाळी नवकारशी, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी पारणे, असे धरले, तर सुमारे साडेतेरा तास पोटात काही जात नाही. अशा वेळी सायंकाळचे जेवणच हुकले, तर दुपारपासूनचा उपवास घडतो; आणि तो व्रत म्हणून नव्हे, सोय नाही म्हणून.

म्हणून प्रवेशाच्या वेळी मेसचालकाला काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. सायंकाळचा डबा साडेपाचला भरून मिळेल का? फक्त नाश्ता आणि दुपारचे जेवण एवढीच नोंदणी चालते का, की वसतिगृहात राहणाऱ्यांना पूर्ण मेस सक्तीची आहे? खाडे किती दिवस आधी कळवावे लागतात, आणि त्यांची वजावट मिळते का? शक्य असेल तर वर्षाचे शुल्क एकदम न भरता पहिला महिना पाहावा. मिळालेली सवलत तोंडी न ठेवता लेखी घ्यावी.

‘जैन’ या शब्दाचा अर्थही तपासून घ्यावा. पुष्कळ ठिकाणी कांदा-लसूण वगळला की भाजी ‘जैन’ ठरते. बटाटा, गाजर, बीट तसेच राहतात. हे कार्यालयात नव्हे, स्वयंपाक्याला विचारावे. आमटीचे वाटण कशाचे, तळणाचे तेल वेगळे का, डाव आणि भांडी वेगळी का, डाळीच्या पदार्थांसोबत कच्चे दही दिले जाते का, हे त्यालाच ठाऊक असते. नुसते ‘बटाटा नको’ म्हणण्याऐवजी कच्ची केळी, दुधी, पडवळ, कोहळा अशा भाज्या सुचवल्या, तर त्याचेही काम सोपे होते. दूध-दह्याची सोय अवश्य पाहावी. शाकाहारी माणसाला बी-१२ जीवनसत्त्व नैसर्गिक आहारातून प्रामुख्याने तिथूनच मिळते.

ही अडचण आपल्या समाजाने शंभर वर्षांपूर्वीच ओळखली होती. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेने कोल्हापूर, सांगली, बेळगाव येथे विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे चालवली. मुंबईत १९१५ साली आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने महावीर जैन विद्यालय उभे राहिले. शिक्षणासाठी आचार सोडावा लागू नये आणि आचारासाठी शिक्षणही सुटू नये, हीच त्यामागची दृष्टी होती. जिथे समाजाचे वसतिगृह आहे, तिथे महाविद्यालयाच्या प्रवेशाबरोबरच तेथील अर्जाचीही चौकशी करावी. जिथे नाही, तिथे दोन-चार विद्यार्थ्यांनी मिळून एखाद्या घरगुती डब्याची व्यवस्था करणे हा चांगला मार्ग आहे.

मात्र या साऱ्याआधी एक बोलणे घरात व्हायला हवे. मुलगा किंवा मुलगी कोणता नियम स्वतःहून पाळणार आहे? पालकांच्या मनात एक नियम आणि मुलाच्या मनात दुसरा असेल, तर मूल एक तर अर्धपोटी राहते, नाही तर फोनवर खोटे बोलू लागते. श्रावकाची व्रते अणुव्रते आहेत. ती यथाशक्ती घ्यायची असतात आणि प्रत्याख्यानाला काळाची मर्यादा घालता येते. कोणी कंदमूळत्याग कायमचा आणि चौविहार फक्त चातुर्मासात ठरवील, कोणी पर्युषण किंवा दशलक्षण पर्वापुरता. महाविद्यालयीन वर्षाचा आरंभ बहुधा चातुर्मासातच होत असल्याने हा निर्णय पुढे ढकलताही येत नाही. मुलाने स्वतः घेतलेला छोटा नियम दूरच्या वसतिगृहातही टिकतो. म्हणून आधी तो नियम कागदावर लिहावा, शेजारी महाविद्यालयाचे वेळापत्रक ठेवावे, आणि मग मेसचा अर्ज भरावा. अर्जावर सही पालकांची असली, तरी मेसचालकाशी बोलणे मुलालाच करू द्यावे; पुढची तीन-चार वर्षे ते त्यालाच करायचे आहे.