कर्णबधिर बालकाचे पालक आणि आपले चिकित्सालय

दीड-दोन वर्षांचे मूल कडेवर घेऊन माता चिकित्सालयात येते. तक्रार एवढीच, ‘अजून बोलत नाही.’ सोबत आलेली सासू समजूत घालते की, याचा बापही उशिराच बोलला. मातेला मात्र बहुधा आधीच उमगलेले असते. कुकरच्या शिट्टीने किंवा दिवाळीच्या फटाक्याने मूल दचकले नाही, हे तिने पाहिलेले असते. ते बोलून दाखविण्याचे धैर्य झालेले नसते. पुढे बेरा तपासणी होते आणि तो अहवाल घेऊन कुटुंब पुन्हा आपल्याकडे येते. प्रश्न ठरलेला असतो : आयुर्वेदात यावर काही आहे का?

या प्रश्नाचे उत्तर आपण कसे देतो, यावर पुढील बरेच काही अवलंबून आहे. सुश्रुतांनी उत्तरतंत्रात सांगितलेल्या अठ्ठावीस कर्णरोगांत बाधिर्य आहे. बिल्वतेल, सारिवादि वटी आपण वापरतो. कर्णगूथ, कर्णस्राव वा जुनाट प्रतिश्याय यांमुळे ऐकू कमी येत असेल तर चिकित्सेस वाव आहे. परंतु अंतःकर्णातील किंवा श्रवणनाडीतील जन्मजात दोष आज आपल्याकडे उपलब्ध असलेल्या कोणत्याही पद्धतीच्या औषधाने भरून येत नाही. बालकाचे व चिरकालीन बाधिर्य आपल्या ग्रंथकारांनीही चिकित्सेस वर्ज्यच मानले आहे. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत श्रवणयंत्रादी उपाय, असा आजचा संकेत आहे. अशा वेळी ‘सहा महिने तेल घालून पाहू’ हा सल्ला दयाळूपणाचा वाटला, तरी त्या सहा महिन्यांत भाषा शिकण्याचा मोलाचा काळ निघून जातो. शिवाय आशा मोडते ती दुसऱ्यांदा, आणि या खेपेस आपल्या हातून.

चिकित्सा मुलाची असली तरी समोर बसलेली रुग्ण पुष्कळदा माताच असते. क्रोध, शोक व अवात्सल्य यांनी स्तन्यनाश होतो, असे सुश्रुतांनी शारीरस्थानात म्हटले आहे. चरकांनी अग्र्यसंग्रहात रोग वाढविणाऱ्या भावांत विषादाला अग्रस्थान दिले आहे. ही वचने आपण परीक्षेसाठी पाठ करतो. चिकित्सालयात मात्र ‘गर्भिणी अवस्थेत काय खाल्ले होते?’ असे सहज विचारून जातो आणि तो प्रश्न तिच्या मनात वर्षानुवर्षे रुतून बसतो. ग्रहण पाळले नाही, अमुक गोळी घेतली, पडले होते, असे ती स्वतःवर आरोप लावीतच असते. इतिहास घ्यावाच, पण त्याबरोबर हेही सांगावे की, जन्मजात बाधिर्याचे फार मोठे प्रमाण आनुवंशिक असते आणि दोन्ही पालक उत्तम ऐकणारे असूनही ते मुलात उतरू शकते. अपुऱ्या दिवसांचा जन्म, तीव्र कावीळ, मेंदुज्वर, गर्भावस्थेतील काही विषाणुसंसर्ग ही अन्य कारणे. यांत मातेचा दोष नसतो. हे वाक्य स्पष्ट शब्दांत आणि शक्यतो सासू-पतीसमक्ष उच्चारावे. पिता गप्प असतो, ड्यूटीचे कारण सांगून तपासणीस येत नाही. म्हणून त्याला दुःख नाही असे समजू नये.

हा शोक एकदा होऊन संपत नाही. शाळाप्रवेशाच्या वेळी, धाकटे भावंड बोलू लागले की, लग्नाचा विषय निघाला की तो पुन्हा वर येतो. कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांचे पालक ऐकणारे असतात. त्यांनी मोठा झालेला, नोकरी करणारा कर्णबधिर माणूस जवळून पाहिलेलाच नसतो. म्हणून भविष्य म्हणजे अंधार वाटतो. अशा पालकांना सर्वाधिक धीर देतात ते त्याच वाटेने पुढे गेलेले दुसरे पालक.

अमेरिकेतील लुईझ ट्रेसी यांचा अनुभव येथे आठवतो. चित्रपट-अभिनेते स्पेन्सर ट्रेसी यांच्या त्या पत्नी. १९२४ साली जन्मलेला त्यांचा जॉन दहा महिन्यांचा असताना दार जोरात आपटले तरी जागा झाला नाही, तेव्हा त्यांना सत्य कळले. १९४२ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिस येथे काढलेल्या संस्थेचे काम पालकांपासूनच सुरू होई; दूरवरच्या मातांना टपालाने विनामूल्य पाठ जात.

आपल्याला इतके दूर जाण्याचे कारण नाही. शीवला लोकमान्य टिळक रुग्णालय आहे. धारावी ओलांडली की वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तेथे श्रवणचाचणी, वाचोपचार व पालकमार्गदर्शन मिळते, आणि २०२१ पासून लहान बालकांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रही आहे. केंद्राच्या एडिप योजनेत श्रवणयंत्र व पात्र बालकांस कॉक्लियर इम्प्लांटसाठी साहाय्य आहे. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते या जागांचे खरे मोल बाहेरच्या बाकावर आहे. मूल आत शिकत असताना तेथे बसलेल्या माता साचा कसा बसवावा, मूल यंत्र फेकते तेव्हा काय करावे, नातेवाइकांना काय उत्तर द्यावे, हे एकमेकींना सांगतात. वाणी की खुणांची भाषा, या वादात आपण पंच होऊ नये. मुलापर्यंत कोणती तरी भाषा लवकर पोहोचावी, इतकेच सांगावे.

औषधालयाच्या चालकांना एक विनंती. कानाचे तेल मागणारा ग्राहक मुलासाठी मागत असेल तर वय विचारावे व तपासणीस पाठवावे. पडदा फाटलेला असताना तेल घालणे घातक, आणि श्रवणयंत्राचा साचा तेलाने बुजतो. वरील पत्ते लिहिलेली चिठ्ठी गल्ल्यापाशी ठेवावी. वैद्यांनी आपल्या परिचयातील एखाद्या अनुभवी मातेची संमती घेऊन तिचा दूरध्वनी क्रमांक नोंदवून ठेवावा, आणि अहवाल दाखवून गेलेल्या मातेला पंधरा दिवसांनी स्वतःच्या निद्रा-क्षुधेसाठी म्हणून पुन्हा बोलवावे.