जुना संगणक भंगारात घालू नका

‘विंडोज १०’ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. पुष्कळ जुन्या संगणकांवर ‘विंडोज ११’ चालत नाही. पण बैल थकला म्हणून कुणी गाडी मोडत नाही!

फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेले ‘लिनक्स’ फुकट मिळते. त्यातील ‘मिंट’ नवख्यांना सोपे. हिशेब, मराठी पत्रे, सातबारा पाहणे, सारे त्यावर होते. विंडोजसाठीचे अनेक खेळही २०१८ साली आलेल्या ‘प्रोटॉन’मुळे चालतात, मात्र काही ऑनलाइन खेळ चालत नाहीत. मुलांना हे आधीच सांगावे.

प्रथम पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे. प्रिंटर, वायफाय तपासावे. फोटो, कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवावीत; बसवताना डिस्क पुसली जाऊ शकते. मगच कायमचा बदल करावा.