मिनरल वॉटर आणि आपला माठ

दुकानातली बाटली असो की लग्नातला जार, आपण सगळ्यालाच ‘मिनरल वॉटर’ म्हणतो. खरे मिनरल वॉटर कसे असते, ते फ्रान्समधल्या एव्हियाँ या छोट्या गावावरून समजून घेऊ.

हे गाव आल्प्सच्या पायथ्याशी, लेमान सरोवराच्या दक्षिण काठावर आहे. १७८९ च्या सुमारास मूतखड्याने बेजार झालेल्या एका सरदाराने तिथल्या काशा नावाच्या गृहस्थाच्या बागेतल्या झऱ्याचे पाणी प्यायले आणि आपण बरे झालो असे सांगितले. तेव्हापासून गावाचे नाव झाले.

त्या पाण्यात जादू आहे का? नाही. मूतखड्याच्या रुग्णाला भरपूर पाणी प्यायला डॉक्टर आजही सांगतात. मग ते साधे स्वच्छ पाणी का असेना. एव्हियाँला पावसाचे व बर्फाचे पाणी वाळूच्या थरांतून पंधराहून अधिक वर्षे झिरपत येते. त्यात खडकातले क्षार उतरतात. युरोपच्या नियमानुसार अशा पाण्यात जंतुनाशक घालता येत नाही, म्हणून वरची जमीनच स्वच्छ राखावी लागते. गावातल्या झऱ्यावर हे पाणी कोणीही फुकट भरून नेतो.

त्याच्या एका लीटरमध्ये कॅल्शियम सुमारे ८० मिलिग्रॅम असते. १०० ग्रॅम नाचणीत ते ३०० मिलिग्रॅमहून जास्त मिळते. क्षारांसाठी बाटलीवर पैसे घालवू नका, ताटात भाकरी वाढा.

आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ असे छापलेले असते. म्हणजे ते यंत्रातून शुद्ध केलेले साधे पाणी. सील नसलेल्या जारचे पाणी थंड असले तरी स्वच्छ असेलच असे नाही.

घरी पाणी गाळून घ्या. खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या. झाकून निववा, माठ रोज धुवा, दांड्याच्या ओगराळ्यानेच पाणी काढा. जुलाब झाल्यास लगेच ओआरएस सुरू करा आणि दवाखान्यात जा.

चवदार तळ्याचे पाणी पिऊन आपण अमर होणार नाही, प्रश्न समतेचा आहे, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले होते. वस्तीच्या नळाला गढूळ पाणी आले, तर प्रत्येकाने जार विकत घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे. सर्व घरांच्या सह्यांचा लेखी अर्ज नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या.