प्रश्न दुसऱ्याचा, कान आपला

जुलै 1927 मध्ये मुंबईत दोन गोष्टी सुरू झाल्या. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला, आणि 23 तारखेला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केलं. कर्वे वाचकांची पत्रं छापून त्यांना उत्तरं देत. लाजेपोटी डॉक्टरलाही न विचारलेले प्रश्न त्या पत्रांत असत. 1934 साली त्यांच्यावर खटला झाला तो अशाच उत्तरांवरून, आणि त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला कर्वे हरले. मासिक मात्र त्यांच्या मृत्यूपर्यंत, 1953 पर्यंत चाललं.

रेडिओवर असं कुणी काही विचारलं नाही. तिथे भाषणाची संहिता आधी मागवायची, वाचायची, खोडायची आणि मगच ध्वनिमुद्रण करायचं, अशी शिस्त होती. तरी श्रोत्यांशी बोलणं कसं असावं याचा एक मोठा प्रयोग झाला तो महाराष्ट्रातच. 1956 च्या फेब्रुवारी-एप्रिलमध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोतामंडळं बसवली. कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ-मंडळांची. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, मग गावकऱ्यांनी त्यावर बोलायचं आणि शंका केंद्राकडे लिहून पाठवायच्या. शेतीबरोबर आरोग्य आणि शिक्षणही त्यात होतं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली आणि पुढे तो देशभर नेला गेला. मला यात महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की एका गावाने विचारलेलं दुसऱ्या गावाला ऐकू येत होतं.

मुंबई केंद्राने हे काम वेगळ्या पद्धतीने केलं. ‘वनिता मंडळ’, ‘कामगार सभा’ आणि ‘पुन्हा प्रपंच’ हे कार्यक्रम घराघरांत पोचले. ‘प्रपंच’मधले पंत म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू आणि टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी. गप्पा घरगुती, विषय सार्वजनिक. पण नावातच प्रपंच. ज्याला प्रपंच नाही, त्याने काय ऐकायचं? कुटुंबनियोजनाच्या जाहिरातीही दाम्पत्याशीच बोलत. एकटं माणूस रेडिओपुढे कायम पाहुणं राहिलं.

त्याची विचारपूस केली ती साहित्याने. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये 1933 सालीच शिकलेल्या अविवाहित मुलींची घुसमट आली आणि गहजब झाला. कमल देसाईंच्या कथांतल्या एकट्या बायका तर कुणाची दयाही मागत नाहीत. अविवाहित राहिलेल्या दुर्गा भागवतांशी प्रतिभा रानड्यांनी केलेल्या ‘ऐसपैस गप्पा’ वाचा. रेडिओवर अशी बैठक रोज रात्री व्हायला काय हरकत होती, असं वाटून जातं.

हरकत नियमांची होती. साठच्या दशकात ठरलेल्या आकाशवाणीच्या आचारसंहितेने केंद्र वा राज्य सरकारवर शत्रुत्वाची टीका निषिद्ध मानली. परिणाम असा, की मलेरिया कसा टाळावा हे डॉक्टर सांगत. दवाखान्यात डॉक्टर का नाही, हे विचारायचं कुणी? आरोग्यसल्ला भरपूर, आरोग्यधोरण गप्प. प्रक्षेपणलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये म्हटलं. खाजगी एफएम आलं, निवेदक अखंड बोलू लागले, पण बातम्या आणि चालू घडामोडी त्यांना वर्ज्यच ठेवल्या. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावा, एवढीच सवलत पुढे मिळाली.

मुंबईच्या शेजारचा मीरा-भाईंदरकर या सगळ्या रेडिओजगाच्या वेशीवर राहतो. विविध भारतीचं बोरिवलीचं केंद्र मीरा रोडपासून दोन स्टेशनं अलीकडे, मालाड-मालवणीचा प्रक्षेपक त्याच्याही थोडा अलीकडे. 1985 ची नगरपालिका 2002 मध्ये महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 8 लाखांवर होती. मुंबईत न परवडलेल्या घरांनी हे शहर वाढवलं. भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी नर्स, घटस्फोटित कारकून, मुलं परदेशी गेलेली आजी ही इथली रोजची माणसं. भाईंदरला टेंभ्याचं पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे, महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. आणि नवे कायदे नेमके एकट्या माणसापाशी येऊन थांबतात. 2021 च्या सरोगसी कायद्याने 35 ते 45 वयाच्या विधवेला व घटस्फोटितेला वाट दिली, अविवाहितेला नाही. उलट 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 24 आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताच्या नियमात अविवाहितेला विवाहितेच्या बरोबरीने बसवलं. हा विरोधाभास तासभर बोलण्याजोगा आहे.

आज आरोग्याचे प्रश्न फोनवर विचारायला 104 हा क्रमांक आहे, मनाच्या तक्रारींसाठी 2022 पासून टेली-मानसचा 14416 आहे. गुप्तता तिथे हवीच. पण फोन ठेवला की प्रश्नही तिथेच संपतो. पलीकडच्या इमारतीत तोच प्रश्न घेऊन बसलेल्या बाईला काही कळत नाही.

सामुदायिक रेडिओ ही एक फट आहे. 2006 पासून स्वयंसेवी संस्थांनाही परवाना मिळतो. म्हसवडची ‘माणदेशी तरंग’ त्यातूनच उभी राहिली. प्रक्षेपकाची ताकद साधारण 100 वॅट, पल्ला दहा-बारा किलोमीटर, म्हणजे उत्तनच्या कोळीवाड्यापासून काशीमिऱ्यापर्यंत अख्खं शहर आवाक्यात. राजकीय चर्चा करायची नाही, ही अट तिथेही आहे. टेंभ्याच्या बाह्यरुग्ण विभागाच्या वेळा सांगायला ती आड येत नाही. पण त्या रुग्णालयात किती डॉक्टर कमी आहेत हे कार्यक्रमात फोन केलेल्या बाईने विचारलं, तर ती माहिती की राजकारण, हे सूत्रसंचालकाने माइक चालू असतानाच ठरवायचं.