संशोधन विभाग नसलेली भट्टी

इटलीत मोदेनाजवळ सास्सुओलो परिसरात फरशीचे कारखाने दाटीवाटीने उभे आहेत. बहुतेकांचा स्वतंत्र संशोधन विभाग नव्हता. पूर्वी फरशी आधी नुसती भाजायची, मग ग्लेझ देऊन पुन्हा भाजायची. त्यात १६ ते २० तास जात. १९७०च्या दशकात दोन्ही कामं एकाच भाजणीत, रोलरवरून सरकत, तासाभरात उरकू लागली. कशी? भट्ट्या आणि प्रेस बनवणारे शेजारीच होते. फरशी तडकली की तक्रार थेट त्यांच्या दारात, आणि उपाय पुढच्या यंत्रात. (नक्कलही तितक्याच झपाट्याने होई!) अशा सुधारणांवरचा खर्च हिशेबाच्या ‘संशोधन’ या रकान्यात क्वचितच दिसतो; दोष रकान्याचा, कारखान्याचा नव्हे. ही यंत्रं दूरवरही पोचली: गुजरातेतल्या मोरबीच्या फरशी-कारखान्यांतही आज इटालियन प्रेस चालतात.