माळ्यावरचा स्टुडिओ कॅमेरा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पनवेलमधली जुनी घरं पुनर्विकासाला निघाली, की माळे रिकामे होतात. घरात कधीकाळी फोटो स्टुडिओ चालला असेल, तर सागवानी पेटी, कातडी भाता आणि पितळी लेन्सचा भला मोठा कॅमेरा खाली उतरतो. त्याचं पुढे काय करायचं, हे बरेचदा ऐकीव माहितीवर ठरतं आणि नुकसान तिथेच होतं.

गैरसमज: जुना आहे, म्हणजे लाखांत जाणार.
वस्तुस्थिती: नुसत्या वयावर किंमत ठरत नाही. असे कॅमेरे आपल्याकडच्या स्टुडिओंत स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं राबले. बनवणारा कोण, नग किती दुर्मीळ, स्थिती कशी आणि सगळे भाग जागेवर आहेत का, यावर भाव ठरतो. प्लेट होल्डर किंवा मागची दुधी काच हरवली, तर नेमक्या मापाची दुसरी सहज मिळत नाही.

गैरसमज: लेन्सवर ‘लंडन’ कोरलंय, म्हणजे कॅमेरा विलायती.
वस्तुस्थिती: ते नाव लेन्सचं. पेटी इथलीही असू शकते. केरळात आलप्पुळा इथे १९४० च्या दशकात ‘वागीश्वरी’ हा सागवानी कॅमेरा बनू लागला आणि दूरदूरच्या स्टुडिओंत पोचला. डालमायर, रॉस किंवा झाइसची चांगली लेन्स एकटीच पेटीपेक्षा महाग ठरू शकते. तिच्यावरच्या क्रमांकावरून साल बहुधा काढता येतं. बाजारात शोभेच्या नव्या प्रतिकृतीही असतात. म्हणून भाता सरकतो का आणि दुधी काचेवर उलटी प्रतिमा उमटते का, हे आधी पाहावं.

गैरसमज: घासूनपुसून लखलखीत केला, की भाव वाढतो.
वस्तुस्थिती: पितळेवरचा मूळ लाखेचा थर चिंचेने किंवा पॉलिशने एकदा गेला, की परत येत नाही. लाकडावर नवं व्हार्निश चढवलं, की जुनेपणाच्या खुणा पुसल्या जातात. मऊ ब्रशने धूळ झटकावी, तेवढंच पुरे.

गैरसमज: कपाटात बंद ठेवला, की सुरक्षित.
वस्तुस्थिती: आपल्या पावसाळी दमट हवेत बंद, अंधारी जागा बुरशीला फार मानवते. बुरशी लेन्सची काच खाते आणि तो डाग पुसून जात नाही. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावी. भाता कोरड्या दिवशी हलकेच उघडून त्याला वारा द्यावा.

गैरसमज: परदेशात कुरिअर केला, की जास्त पैसे.
वस्तुस्थिती: १९७२ च्या पुरावशेष कायद्याने १०० वर्षांहून जुन्या, त्या व्याख्येत बसणाऱ्या वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आधी पुरातत्त्व खात्याकडून खात्री करून घ्यावी.

गैरसमज: सोबतच्या काचेच्या प्लेट म्हणजे भंगार.
वस्तुस्थिती: त्या निगेटिव्ह आहेत आणि अनेकदा त्या चेहऱ्यांची उरलेली एकमेव प्रत. स्टुडिओचं नाव, गाव आणि साल कागदावर लिहून कॅमेऱ्यासोबत ठेवा. कॅमेरा विकायचा असेल तर विका, पण त्या प्लेट स्कॅन केल्याशिवाय घराबाहेर जाऊ देऊ नका.