खडकांपुढे कॅमेरा : गेरूचा पट्टा

निघोजच्या रांजणखळग्यांचं सांगायचं कबूल केलं होतं, पण ते पुढच्या रविवारी. सणसरच्या एका वाचकाचा प्रश्न डोक्यातून जात नाही. ते लिहितात, "ॲरिझोनातल्या 'द वेव्ह'चे फोटो पाहून डोळे दिपतात. आमच्याकडे कालव्याखाली ऊस आणि कालव्यावर मुरमाड माळ. इथं रंगीत खडक आणायचा कुठून?"

आणायला कशाला हवा? ॲरिझोनातला तो दगड प्राचीन वाळूच्या टेकड्यांपासून घडलेला वालुकाश्म, आपला कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हा लाव्हा एका दमात आला नाही. मधे उसंत मिळाली तेव्हा वरचा थर ऊन-पावसानं कुजला, त्यातलं लोखंड गंजलं आणि पुढच्या लाव्हानं तो वरून भाजून काढला. विहीर खोदताना "गेरू लागला" म्हणतात, तो हाच लाल पट्टा. त्याच्या आसपास काळा पाषाण, कुठं भोकाभोकांचा मांजऱ्या आणि त्या भोकांत झिओलाइटचे पांढरे दाणे. लाल, काळा, पांढरा आणि वर मुरमाचा पिवळसर तपकिरी. एका चौकटीला आणखी किती रंग हवेत?

घाटरस्त्याला डोंगर कापलाय तिथं हा पट्टा उत्तम दिसतो. मात्र समोर उभं राहून सरळ टिपलात, तर फोटो भिंतीचा येतो. दरडीपासून सुरक्षित अंतर ठेवून थोडं बाजूला सरका. पट्टा चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून शिरून तिरका वर चढला पाहिजे. नजर त्याच्याच मागं जाते. आभाळ कोरं असेल तर ते सरळ कापून टाका. बाभळीचं एखादं झुडूप किंवा चरणारी शेळी चौकटीत आली, तर कातळ केवढा आहे ते कळतं.

ऊन सकाळचं, बाजूनं येणारं हवं. दुपारी सगळाच दगड राखाडी वाटतो.

सर्वांत मोठा घात ऑटो व्हाइट बॅलन्स करतो. चौकट लालभडक भरली की कॅमेऱ्याला वाटतं प्रकाशच लाल आहे, आणि तो गेरू फिका करून ठेवतो. उन्हात टिपताना सेटिंग 'डेलाइट'वर ठेवा, मोबाइलच्या प्रो मोडमध्येही हे जमतं. पहिला पाऊस पडून उघडीप झाली की ओल्या गेरूचा रंग गडद होतो, पण दगड चमकतो. ती चमक पोलरायझर लावून, तो हळूहळू फिरवत कमी करा. माझ्या मते रंगीत खडकासाठी एकच फिल्टर विकत घ्यायचा, तर तो हाच.

सणसरकरांना एवढीच विनंती : जुन्या विहिरीच्या काठावर तिपाई मांडू नका आणि खाणीत सुरुंगाचं काम चालू असेल तर पाऊलही टाकू नका. झिओलाइटचे दाणेही उकरून आणू नका, मागून येणाऱ्याला तेच टिपायचे असतात.